आदिनाथ मस्केचे उघडे हात

१

आदिनाथ मस्केचे हात उघडे होते आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या 'इंद्रधनू ई-मोटर्स' या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीच्या दुपारी तो मेला. गाडीतून उतरवलेली बॅटरी टेबलावर उघडी होती आणि तो टेबलाच्या पायाशी उताणा पडला होता. झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे गेला, याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. पण असल्या बॅटरीत हात घालताना जे जाड रबरी हातमोजे घालायचे असतात, ते त्याच्या हातांत नव्हते. ते भिंतीवरच्या फळीवर नीट जोडीनं ठेवलेले सापडले.

विजयश्री कुदळेनं विमा कंपनीची फाईल मिटली आणि चिडून पुन्हा उघडली. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या दुरुस्त करायच्या तर पाना चालवता येणं पुरत नाही, त्या विजेजवळ जाण्याची वेगळी पात्रता मिळवावी लागते. ताथवड्याच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये ती पात्रता देण्याचं काम विजयश्री करायची. आदिनाथ तिचाच विद्यार्थी. हातमोजा घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडायची, तो फुगवायचा आणि कानाशी धरून ऐकायचं, हे ती प्रत्येक वर्गाला घसा कोरडा होईपर्यंत शिकवायची. टाचणीएवढं भोक असलं तरी हवा फुसफुसते. पोरं वर्गात हे मन लावून करत आणि बाहेर पडली की विसरत. आदिनाथ मात्र चहाच्या सुट्टीतसुद्धा हातमोजे फुगवत बसायचा आणि बाकीचे त्याला हसायचे.

आणि हाच माणूस उघड्या हातांनी बॅटरीत शिरला म्हणे.

विमा कंपनीच्या बुद्धरत्न साळवेला तिच्याकडून दोन ओळींचं मत हवं होतं. पात्रता होती का आणि हातमोजे होते का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, म्हणजे मृताची हयगय, म्हणजे फाईल बंद. त्यानं हे इतक्या मवाळपणे सांगितलं की विजयश्रीला ओरडायलाही जागा उरली नाही. तिनं फक्त थोडा वेळ मागून घेतला.

म्हाळुंग्यातल्या चाळीत आदिनाथची बायको पुनम लहान पोराला घेऊन बसली होती. दाराशी आदिनाथची मोटरसायकल उभी होती. हँडलला वाळलेला झेंडू आणि टाकीवर खंडेनवमीच्या सकाळच्या पूजेचं गंध तसंच. पुसलं नाही का, असं विजयश्रीनं सहज विचारलं, तर पुनम म्हणाली, ते कधीच पुसू द्यायचे नाहीत. पूजेचं गंध आपसूक जाईल तेव्हा जाऊ द्यायचं, असा त्यांचा नेम.

पुनम बीडकडची. बोलताना तिचा आवाज चढत नव्हता, पण पोराच्या पाठीवरचा हात थांबत नव्हता.

"पैशाचं मिळंल न मिळंल, मॅडम. पर तिथली मान्सं सांगायलेत, तुमचा मानूस बेफिकीर व्हता. माझं लेकरू हेच ऐकत मोठं व्हईल का?"

विजयश्रीनं फाईल बॅगेत घातली. ती उठता उठता पुनम स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली की दवाखान्यात तिनं त्याचा हात हातात घेतला, तेव्हा त्याला पांढरी पावडर होती. घामानं थापली गेलेली, मनगटापर्यंत. दवाखान्यातलंच काही असेल म्हणून तिनं ती पदरानं पुसली होती.

विजयश्री पुन्हा खाली बसली. रबरी हातमोजे घामानं चिकटू नयेत म्हणून ते घालण्याआधी हातांना पावडर लावतात. उघड्या हातांनी काम करणारा माणूस पावडर कशाला लावेल?

२

वर्कशॉपचा मालक दिग्विजय, म्हणजे दिगूशेठ. जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशावर त्यानं हे उभं केलं होतं. माणूस तोंडाचा गोड. त्यानं विजयश्रीला 'ताई' म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं सांगून टाकलं. म्हणजे काहीच सांगितलं नाही.

"पोरगं गुणाचं व्हतं, ताई. पण त्या दिवशी त्यानं ग्लोव्हज घातले न्हाईत, आता त्याला आमी काय करायचं? म्या तर जेवून घरी गेलो व्हतो. सार्थक सांगंल तुमाला."

सार्थक मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, कानात अर्धं बोट घालून फोन ऐकायची सवय. त्याच्या केबिनमागच्या भिंतीवर चौकटींची रांग होती. हाय व्होल्टेज सुरक्षेची ऑनलाइन परीक्षा उत्तीर्ण झाल्याची प्रमाणपत्रं, सगळ्या स्टाफची. मॅनेजर, मेकॅनिक, स्टोअरवाला, एवढंच काय, रिसेप्शनवरच्या सुप्रियाचंही. शंभर टक्के स्टाफ प्रमाणित असला की गाडीची कंपनी वर्कशॉपला वरचा दर्जा देते, हे सार्थकनं अभिमानानं सांगितलं. प्रत्यक्ष हातानं काम शिकायला तिच्याकडे किती जणांना पाठवलं होतं, हे विजयश्रीला माहीत होतं. एकट्या आदिनाथला. तिनं त्या दुपारचं विचारलं.

सार्थकच्या म्हणण्याप्रमाणे हकीकत अशी: खंडेनवमी म्हणून सकाळी सगळ्या हत्यारांची पूजा झाली. मग सगळ्यांचं जेवण झालं. त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाहीत, पण एका गिऱ्हाइकाला दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी हवीच होती. आदिनाथ स्वतःहून तयार झाला. सार्थक केबिनमध्ये फोनवर होता. आदिनाथ एकटाच काम करत होता.

"हातमोजे पूजेत मांडलेले, म्हणून उचलले नसतील. अंधश्रद्धा, दुसरं काय," असं म्हणून त्यानं खांदे उडवले. पूजाबिजा त्याला फारशी पटत नव्हती, ती सुप्रियाची हौस.

ऐकायला सगळं बिनचूक होतं आणि त्यामुळेच विजयश्रीच्या डोक्याची मंडई झाली. अशा बॅटरीवर एकट्यानं काम करायचंच नसतं. गाडीची वीज तोडता येते, पण बॅटरीच्या पोटातली वीज कधीच बंद होत नाही. म्हणून एक जण आत काम करतो, दुसरा कामाच्या जागेभोवतीच्या साखळीबाहेर उभा राहतो. आतला पडला, तर फायबरच्या लांब आकडीनं त्याला ओढायचं आणि छाती दाबायला बसायचं, हे बाहेरच्याचं काम. आदिनाथनं हा नियम मोडला असेल, हे पावडरीइतकंच न पटणारं होतं.

तिनं फळीवरचे हातमोजे मागितले. सार्थकनं लगेच आणून दिले. तळव्यावरून आडवी घडी गेलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली. तिनं एकात हात घातला, तर तो तिलाच जेमतेम बसला. आदिनाथचे पंजे म्हणजे पराती. त्याच्या मापाचे हातमोजे मिळेनात म्हणून सेंटरमध्ये तिला वेगळी जोडी मागवावी लागली होती, आणि जाताना तीच तिनं त्याला देऊन टाकली होती.

हे हातमोजे आदिनाथचे नव्हते. ते कुणी कधी घातलेलेच नव्हते.

३

ज्ञानेश हा दुसरा मेकॅनिक, इथलाच गाववाला. आदिनाथ जिथं पडला ती जागा दाखवताना तो तिकडे बघत नव्हता. जेवण झाल्या झाल्या सार्थक सरांनी त्याला चाकणच्या बाजारात पिटाळलं होतं, नव्या गाडीला हार आणायला. परत आला तर आदिनाथ पडलेला.

"साखळी काढली आन् आत पळालो. छाती दाबली, तोंडानं वारा दिला. ॲम्ब्युलन्स येईस्तवर थांबलो न्हाई, मॅडम. पर हात गार पडले व्हते त्याचे. म्हंजी येळ झाला व्हता."

सार्थक सर कुठं होते, असं तिनं विचारलं. ते तिथंच भिंतीला टेकून उभे होते, ज्ञानेशच्याच ओरडण्यानं केबिनमधून आले असतील, असं तो म्हणाला. आदिनाथचे हात तेव्हा उघडेच होते. ते त्यानं शपथेवर सांगितलं आणि ते तिला खरं वाटलं.

कामाच्या जागेभोवती पिवळी-काळी साखळी होती. विजयश्री तिच्याकडे बघत राहिली. तिच्या टोकाची कडी बाहेरच्या भिंतीतल्या आकड्यात अडकत होती. आत शिरून तिनं हात लांबवला, टाचा उंचावल्या, तरी आकडा हातभर लांब राहिला. ही मांडणी सेंटरमध्ये ती स्वतःच शिकवायची, ती आदिनाथनं इथं जशीच्या तशी केली होती.

रिसेप्शनवर सुप्रियाचे डोळे सुजलेले होते. आदिनाथला ती आदिदादा म्हणायची. पूजेची सगळी आरास तिची होती आणि तिनं भरल्या डोळ्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. ट्रॉलीवर पाने, पकडी, मीटर ओळीनं मांडलेले, रांगोळी, झेंडू आणि मधोमध एक जोडी मोठे रबरी हातमोजे, समईपुढे नमस्कार करत उभे. दोन्ही पंजे बोटाला बोट लावून जोडलेले आणि बोटांच्या टोकांना ओलं अष्टगंध.

"दादा बघून हसले. म्हणाले, सुप्रियाताई, माझ्यापेक्षा माझे हातमोजेच जास्त भाविक निघाले."

फोटो खरंच सुंदर होता. विजयश्रीनं तसं म्हटलं, आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं की फळीवरच्या हातमोज्यांवर गंधाचा ठिपकाही नाही. तिनं हातमोज्यांबद्दल आणखी विचारलं. आरती झाल्यावर सुप्रियानं आरास उतरवली, हातमोजे आदिनाथच्या हातात दिले, त्याला काम होतं म्हणून. पुढचं तिला माहीत नव्हतं, ती जेवणाची पानं उचलत होती. आता तर तिला पूजेचं नावही नको झालं होतं. निर्माल्य देहूला नेऊन इंद्रायणीकाठच्या कुंडात सोडायचं, तेही राहून गेलं होतं.

"सार्थक सर रोज विचारतात, निर्माल्य नेलंस का म्हणून. पण माझे पायच उचलत नाहीत हो."

विजयश्री दारापर्यंत गेली आणि थबकली. ज्या माणसाला पूजाबिजा पटत नव्हती, तो निर्माल्याची चौकशी रोज का करत होता?

४

तेवढ्यात बुद्धरत्नचा फोन आला. मत तयार आहे का? तिनं पावडरीचं सांगितलं. तो म्हणाला, सकाळी लावली असेल, त्यात काय. या माणसाचं बरोबर असणंही विजयश्रीला सहन होईना. ती तिथंच पायरीवर बसली आणि समोरच्या हात धुवायच्या नळाकडे बघता बघता तिला उत्तर सापडलं.

"साळवे, त्या दिवशी सगळे पंगतीला जेवले. पुरणपोळी होती. तुम्ही हातानं जेवता ना? जेवायच्या आधी हात धुता, नंतरही धुता. पावडर राहील का? त्यानं पावडर लावली ती जेवणानंतर. आणि जेवणानंतर त्यानं एकच काम केलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बुद्धरत्न म्हणाला की हातमोजे घातले होते तर ते गेले कुठं? पंचनामा करताना पोलिसांनी भंगाराचे पिंप, कचऱ्याचे डबे, छतापर्यंत सगळं उलथंपालथं केलं होतं. आणि त्या दुपारपासून वर्कशॉपमध्ये माणसांची रीघ होती, बाहेर काही नेणं कुणाला शक्य नव्हतं.

"बाहेर गेलेलेच नाहीत. तुम्ही इकडे या," एवढंच बोलून विजयश्रीनं फोन ठेवला.

देवाच्या तसबिरीखाली खिळ्याला एक तागाची पिशवी लटकत होती. झेंडू कुजून तिचा वास सुटला होता. पोलिसांनी डबे उपसले, पण या पिशवीला कुणी हात लावला नव्हता. देवाचं निर्माल्य कचऱ्यासारखं कोण उपसणार? ते गुपचूप जायचं ते थेट नदीकाठी. सुप्रियाला समोर उभं करून विजयश्रीनं पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली. दुर्वा, कापूस, सडकी फुलं आणि तळाशी, एकात एक कोंबलेले, मोठ्या मापाचे दोन रबरी हातमोजे. मनगटावर तपासणीची मुदत छापलेली, केव्हाच उलटून गेलेली. आतून पांढरी पावडर.

सुप्रियानं तोंडावर हात धरला. विजयश्रीनं हातमोजे उजेडात धरले. बोटांच्या टोकांवर वाळलेलं गंध अजून होतं. मधल्या बोटाच्या टोकाला गंधाच्या मध्यावर एक काळा, जळका ठिपका. तिनं दुसरा हातमोजा उलटला. तिथंही तस्साच, त्याच बोटाला, त्याच जागी.

रबर जुनं झालं की कुठंही फाटतं. दोन हातमोजे एकाच जागी फाटत नाहीत. तिनं सुप्रियाच्या मोबाइलमधला फोटो पुन्हा उघडायला लावला. बोटाला बोट लावून नमस्कार करणारे ते हात. रबर तर निसटतं. मग हे जोडलेले कसे राहिले होते?

तिला उत्तर कळलं, पण सुप्रियाला तसं विचारायची हिंमत मात्र लगेच झाली नाही.

५

बुद्धरत्न आला तेव्हा विजयश्रीनं सगळ्यांना साखळीपाशी बोलावलं. दिगूशेठ घाम पुसत होता. ज्ञानेश भिंतीशी, सुप्रिया स्टुलावर. सार्थकची नजर वर्तमानपत्रावरच्या हातमोज्यांवर गेली आणि त्याचा रंग उतरला.

तिनं ज्ञानेशला पुन्हा विचारलं की तो आला तेव्हा साखळी लावलेली होती ना. होती, तो म्हणाला. मग तिनं बुद्धरत्नला साखळीच्या आत उभं केलं आणि आतून ती लावून दाखवायला सांगितलं. बुद्धरत्न उंच माणूस, तरीही त्याचा हात पोचला नाही.

"ही साखळी बाहेरच्या माणसालाच लावता येते. म्हणजे आदिनाथ एकटा नव्हता. कुणीतरी बाहेर पहाऱ्यावर उभं होतं. ज्ञानेशला बाजारात पाठवलं होतं, शेठ घरी होते, सुप्रिया पानं उचलत होती." ती सार्थककडे वळली. "फळीवरची कोरी जोडी कुठून आली? तुमच्या कपाटाची किल्ली द्या."

सार्थक हलला नाही. मग दिगूशेठनंच गुरकावून किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. आत ऑडिटला दाखवायचं सगळं सामान होतं, नवंकोरं, पिशव्यांतलं. चेहऱ्याचं कवच, रबरावरून घालायचे चामडी हातमोजे, मोठ्या मापाच्या रबरी हातमोज्यांची एक सीलबंद जोडी आणि शेजारी लहान मापाची एक रिकामी पिशवी. ज्ञानेश ती मोठी जोडी बघत राहिला.

"सर, आदिदादा ह्याच तर मागत व्हता. दिवाळीनंतर येतील म्हनला व्हतात तुमी."

सार्थक खाली बसला. आता तो बोलू लागला, आणि बोलला ते सगळं खरं असावं, कारण त्यात त्याचं भलं करणारं काहीच नव्हतं. आदिनाथ त्या दिवशी काम करायला तयारच नव्हता. दुसरा माणूस नाही, म्हणत होता. सार्थक म्हणाला, मी उभा राहतो, माझंही सर्टिफिकेट आहे. आदिनाथ त्याच्याकडे बघून जरासा हसला आणि मग गेला आत. त्यानं हातमोजे फुगवले, कानाशी धरले, दोनदा. हवा गेली नाही. मग पावडर लावून घातले. आणि थोड्याच वेळात तडतड असा आवाज आला आणि तो मागं कोसळला.

सार्थकला वाटलं, हातमोजे जुने होते म्हणून फाटले. मुदत संपलेली, नवे कपाटात. आपलं काही खरं नाही.

"म्हणून काढलेत," विजयश्री म्हणाली. "घट्ट हातमोजे, घामेजलेले हात. ओढून काढायला वेळ लागला असेल. मग कपाट उघडलं, हाताला लागले ते नवे फळीवर ठेवले, जुने पिशवीत कोंबले. आकडी तिथं भिंतीवर होती. छाती दाबायला दोन हात होते तुम्हाला. ज्ञानेश येईपर्यंत तुम्ही ते कशाला वापरलेत, हे मी माझ्या मतात लिहिणार आहे."

बुद्धरत्न हळूच म्हणाला, पण मॅडम, त्यानं फुगवून बघितलं होतं, हवा गेली नाही. मग भोक आलं कुठून?

हाच प्रश्न टाळता आला असता तर विजयश्रीनं टाळला असता. मुदत संपलेले हातमोजे एवढं लिहूनही पुनमचं काम झालं असतं. पण पुढच्या खंडेनवमीला या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपात पुन्हा हातमोज्यांची पूजा होणारच होती.

तिनं बॅगेतून वर्गात दाखवायचा जुना हातमोजा काढला, त्याच्या बोटात टाचणी खुपसली आणि काढली. गुंडाळून फुगवला, तर भोकातून हवा फुसफुसली. मग तिनं सुप्रियाकडे गंध मागितलं. ते पाण्यात कालवून टोकाला लावलं आणि वाळू दिलं. पुन्हा फुगवला. आवाज नाही. वाळलेल्या गंधानं भोक बुजलं होतं. हवेला ते थोपवतं, पण घामानं ओलावलं की विजेला थोपवत नाही. आदिनाथनं ते पुसलं असतं तर भोक सापडलं असतं. पण पूजेचं गंध तो पुसत नव्हता.

सुप्रिया उठून उभी राहिली होती.

"मी टाचणी लावली होती," ती म्हणाली. "हात जोडलेले राहीनात म्हणून. एकच लावली होती, दोन्हींतून. काढताना वाटलं, भोक दिसतंय, म्हणून वरून परत गंध लावलं." ती भिंतीवरच्या चौकटींकडे बघत होती. "पण मॅडम, भिंतीवर माझ्या नावाचं सर्टिफिकेट आहे. मग मला हे माहीत कसं नव्हतं?"

ज्ञानेशनं मान खाली घालून सांगितलं. ऑडिट जवळ आलं होतं. सार्थक सरांनी सगळ्यांचे पासवर्ड आदिनाथला दिले होते. तो नको म्हणत होता, पण जेवणाच्या सुट्ट्यांत बसून त्यानंच सगळ्यांच्या परीक्षा दिल्या. सुप्रियाची, ज्ञानेशची, सार्थक सरांची.

आदिनाथ आत जाताना का हसला, ते विजयश्रीला आता कळलं. साखळीबाहेर उभ्या असलेल्या माणसाची पात्रता किती आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती त्यानंच मिळवलेली होती.

त्या ऑनलाइन परीक्षेचे प्रश्न तिला पाठ होते. हातमोज्याला टाचणीएवढं भोक आढळल्यास काय कराल, असा त्यात एक प्रश्न होता. सुप्रियाच्या नावावर त्याचं उत्तर बरोबर लिहिलेलं असणार. ती हे बोलली नाही. पण सुप्रियानं स्टूल ओढलं, त्यावर चढून आपली चौकट खिळ्यावरून काढली आणि ती उराशी धरून बसून राहिली. मग ज्ञानेशनं स्वतःची काढली.

संध्याकाळी विजयश्री म्हाळुंग्याला गेली. सगळं सांगायला वेळ लागला. टाचणीचं सांगताना ती अडखळली, पण सांगितलं. पोरगं मोटरसायकलवर चढून टाकीवरच्या गंधावर बोट फिरवत होतं आणि पुनम त्याला रागावलीही नाही.

"म्हंजी त्यांनी घातले व्हते."

"घातले होते."

"तपासून?"

"दोनदा तपासून."

पुनमनं मान हलवली. सुप्रियाला उद्या इकडे यायचंय, तुम्ही भेटाल का, असं विजयश्रीनं विचारलं. पुनमनं उठून फडकं भिजवलं, पिळलं आणि मोटरसायकलपाशी जाऊन टाकीवरचं गंध पुसून काढलं, अगदी स्वच्छ, खालचा पत्रा दिसेपर्यंत.

"येऊ द्या तिला," ती म्हणाली.